नालीवर जाते

लहानूजी रामटेके हे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत अचूक गृहस्थ होते आणि पगारपत्रकात सगळ्यांत खालच्या ओळीत होते. या दोन्ही गोष्टींचं त्यांना स्वतःला काही वाटत नसे. मला वाटायचं. पण वाटून मी काय केलं, तर त्यांच्याबद्दल हे चार शब्द लिहायलाच इतकी वर्षं घेतली.

आमचं ऑफिस धरमपेठेत एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर होतं. आमचं काम काय, हे मला बायकोच्या माहेरी कधी नीट समजावून सांगता आलं नाही. एखाद्या कारखान्यात जायचं, भट्टीत कोळसा किती जातो, त्यातून वाफ किती निघते, ती कुठे कुठे पळते हे मोजायचं, आणि काय केलं तर कोळसा कमी लागेल याचा अहवाल लिहून द्यायचा. ऐंशी सालची गोष्ट. नागपूरच्या आजूबाजूला एवढ्या खाणी, पण कोळसा आणायला वॅगनी मिळत नव्हत्या. कारखाने आठवड्यातून दोन-दोन दिवस थंड पडून असायचे, त्यात विजेची कपात. त्यामुळे आम्हाला बोलावणी भरपूर. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर होतो आणि देशाचा सगळा कोळसा मी एकटाच वाचवणार आहे अशा थाटात हिंडत होतो.

लहानूजी माझ्याबरोबर उपकरणांची पेटी घेऊन येत. कागदोपत्री ते हेल्पर. त्याआधी अठरा वर्षं त्यांनी भट्टीत कोळसा टाकला होता आणि बॉयलर चालवायची परीक्षा पास झाले होते. पेटीत त्यांची स्वतःची एक वस्तू असे, दोन हात लांब लोखंडी सळई. तिचं एक टोक ते वाफेच्या नळीला लावत आणि दुसरं कानाला. डोळे मिटून जरा वेळ ऐकत आणि म्हणत, "इथी पळून राहिली, साहेब." मग मी माझी विलायती उपकरणं लावून अर्धा तास खटपट करी आणि वाफ तिथेच पळत असे.

आकड्याच्या बाबतीत तर हा माणूस हट्टी होता. एकदा मी एकोणचाळीसचे चाळीस लिहिले. हिशेबाला सोपं जातं म्हणून. लहानूजींनी माझ्या खांद्यावरून ते पाहिलं आणि पेटी आवरायचंच थांबवलं.

"एकोणचाळीस होते, साहेब."

"एकाने काय होतं हो?"

"तुमाले काई होत नाई. मले होते," ते म्हणाले. "तुमचं चुकलं त साहेबाचं चुकलं म्हणतील. माहं एक खोटं निंगालं का आमच्या समद्या लोकायलेच खोटं ठरवतेत."

मी चाळीस खोडून एकोणचाळीस केले. त्यांच्या बोलण्यातलं 'आमचे लोक' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. छप्पन साली दीक्षाभूमीवर आईचा हात धरून उभे राहिले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. हे त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात आम्हाला एका रंगाईच्या कारखान्याची तपासणी मिळाली. नाव सांगत नाही, आता तो कारखानाही उरलेला नाही. तिथे कापड वाळवायला तांब्याचे मोठमोठे रूळ होते. रुळांच्या पोटात वाफ सोडायची, वरून ओलं कापड फिरवायचं. कापड वाळतं आणि आतल्या वाफेचं पाणी होतं, कढत कढत पाणी. शहाण्या कारखान्यात ते पाणी गोळा करून पुन्हा बॉयलरला देतात, म्हणजे गार पाणी तापवायचा कोळसा वाचतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. इथे मात्र एक नळी ते पाणी मागच्या भिंतीतून सरळ बाहेर नेत होती. कोण्या गोऱ्या इंजिनिअरने पन्नास वर्षांपूर्वी बसवलेली, आणि तेव्हापासून तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पाणी किती जातं ते मोजायचं होतं. आमची पद्धत साधी होती. बादली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. पण त्या दिवशी आमचा मोजायचा डबा नेमका बुडाला गळका निघाला. गळती शोधायला आलेल्यांचाच डबा गळका म्हणून कारखान्यातले फिटर पोट धरून हसले.

"बादली आनतो, साहेब," लहानूजी म्हणाले. "घर भिंतीच्या मांगंच हाय."

ते दहा मिनिटांत एक पितळी बादली घेऊन आले. घासूनपुसून लख्ख, पण काठाला पोचा आलेली. आधी त्यांनी आमच्या मापाने तिच्यात पाणी ओतून पाहिलं. बादली पंधरा लिटरची म्हणून घेतलेली, भरली साडेचौदा. "साडेचौदा लिवा," ते म्हणाले आणि फाटकातून वळसा घालून भिंतीपलीकडे गेले.

मी भिंतीच्या अलीकडेच उभा राहिलो. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं आणि पायात नवे बूट. पलीकडे गटार असणार, तिकडे कशाला जायचं? मी ओरडायचं "हं!" आणि बादली भरली की लहानूजींनी पलीकडून ओरडायचं "भरली!" असं ठरलं. चाळीस सेकंद. पुन्हा केलं, एक्केचाळीस. तिसऱ्यांदा चाळीस. मध्ये मला पलीकडून बायकांचं हसणं ऐकू आलं. एक म्हातारा आवाज म्हणाला, "सांडवू नको गा, लहानू!" हे मी ऐकलं. ऐकूनही भिंतीपलीकडे कोण आहे असा प्रश्न मला पडला नाही.

मग फॉर्ममधला शेवटचा रकाना आला. मी भिंतीवरूनच ओरडून विचारलं, "लहानूजी, पाणी शेवटी कुठे जातं?"

"नालीवर जाते, साहेब!"

मी लिहिलं, नालीत. अहवालात इंग्रजी करताना त्याचं ड्रेन झालं.

त्याच दिवशी त्यांनी त्या पाण्याची बाटली भरून आणली आणि मी त्यातले क्षार तपासले. उपकरणाचा काटा जागचा हलला नाही. वाफेचं पाणी ते, त्यात क्षार कुठून येणार? "लहानूजी," मी म्हटलं, "अख्ख्या नागपुरात यापेक्षा शुद्ध पाणी सापडायचं नाही."

त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. "खरं, साहेब? लिवून देता?"

मला गंमत वाटली. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'हे पाणी अत्यंत शुद्ध आहे', खाली सही आणि तारीख. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात नव्हे, टोपीच्या आत ठेवली.

अहवाल सप्टेंबरात गेला. पाणी परत बॉयलरला घ्या, रोज अर्धा टन कोळसा वाचेल. आमचे प्रमुख मनोहरराव माझ्यावर खूश झाले. इतका स्वच्छ, एका नळीत सुटणारा उपाय क्वचित मिळतो.

दसरा होऊन गेला आणि एक दिवस लहानूजी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"साहेब, कारखान्याचे लोक नालीवर येऊन खडूनं खुणा करून गेले. नळी बंद करतो म्हणतेत. आपल्या कागदात काय लिवलं हाय?"

मी अहवाल काढला आणि त्या ओळीचं मराठी करून वाचलं. "तासाला तेराशे लिटर शुद्ध गरम पाणी नालीत सोडल्यामुळे वाया जाते."

"वाया?" ते म्हणाले. "वाया कुठी जाते, साहेब? माह्या घरी जाते."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. भिंतीपलीकडे त्यांची वस्ती, साठेक घरं. नळीच्या तोंडाशी त्यांच्या आजोबांच्या पिढीने दगडी टाकं बांधलं होतं. त्या टाक्याला सगळी वस्ती 'नाली' म्हणते. नालीवर आंघोळी, नालीवर धुणं. सार्वजनिक विहिरीवर ज्या काळी या लोकांना दोर टाकू देत नव्हते, त्या काळी कारखान्याने फेकलेलं हे एकच पाणी असं होतं की ज्याच्यावर कोणी हक्क सांगायला येत नव्हतं. पुढे नगरपालिकेचा नळ आला, पण तो सकाळी तासभर आणि गार. थंडीचे दिवस वस्ती नालीवरच्या गरम पाण्यावरच काढायची. शिवाय लहानूजींची आई, पार्वतीबाई, वस्तीची सुईण. चाळीस वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक लेकराची पहिली आंघोळ आणि प्रत्येक बाळंतिणीचा शेक तिने त्याच पाण्याने केला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं. चूक आपली असली की आधी चिडायचं, हा माझा स्वभाव.

"सांगतलं ना, साहेब. नालीवर जाते म्हणून सांगतलं. तुमी लिवून घेतलं."

ते 'नालीवर' म्हणाले होते आणि मी 'नालीत' लिहिलं होतं. धरमपेठेत वाढलेल्या माणसाला नाली म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, जिच्यावरून नाक दाबून उडी मारायची. आणि मोजायला बादली कुणी दिली होती? पार्वतीबाईंनी. घासून.

"येक करा, साहेब," लहानूजी म्हणाले. त्यांनी नळी कायमची ठेवा असं मागितलंच नाही. त्यांची मुलगी प्रेमिला पारशिवनीकडे दिलेली होती. पहिलं बाळंतपण, जानेवारीत. "पोरीचं होऊन जाऊ द्या. तवरक थांबवा. माय म्हणते, पनतू तिच्या हातानं न्हाला पायजे, नालीच्या पान्यानं."

मी त्यांना घेऊन मनोहररावांकडे गेलो. मनोहरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ठीक आहे, दुरुस्तीचं पत्र काढू," ते म्हणाले. "यातला कोणता आकडा चुकला आहे ते सांगा."

आकडा एकही चुकला नव्हता.

मग मी कारखान्याच्या मॅनेजरकडे गेलो. त्याने मला चहा पाजला. "साहेब, बचत दाखवल्याशिवाय कोळसा वाढवून मिळत नाही, म्हणून तुमचा अहवाल जोडून आम्ही जास्त कोळशाचा अर्ज केला आहे," तो म्हणाला. "पाणी वाया जातं असं तुम्हीच लिहिलं. आता ते तसंच सोडलं तर वर काय तोंड दाखवू? आणि रूळ बंद असतात ते फक्त दिवाळीत. नळी फिरवायची तर तेव्हाच. जानेवारी कसला घेऊन बसलात?" मी निदान एक तोटी बाहेर ठेवा म्हणालो. एक तोटी ठेवली तर ती रात्रंदिवस उघडीच राहील, तो म्हणाला. खरं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

परत येताना मी लहानूजींना एक भलतंच सुचवलं. आपण पुन्हा मोजू. बादली भरायला चार मिनिटं लागली असं सांगू. नळी फिरवण्याइतकं पाणीच नाही असं लिहितो मी.

ते रस्त्यात थांबले. मला वाटलं हो म्हणतील, आणि ते हो म्हणावेत अशी माझी फार इच्छा होती.

"चाळीस सेकंदात भरते थे, साहेब," ते म्हणाले. "मी कसा चार मिनिटं म्हनू?"

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेलो. माफी मागायला म्हणा, किंवा आपण माफी मागितली असं स्वतःला सांगता यावं म्हणून. टाकं पाहिलं. दगड इतके झिजलेले की बसायच्या जागा आपोआप खोलगट झाल्या होत्या. वाफ निघत होती, आजूबाजूची जमीन झाडून ठेवलेली. कुठलाही वास नव्हता. एक नात आजीच्या पाठीवर पाणी ओतत होती. ती आजी म्हणजेच पार्वतीबाई. लहानशा, काटक, मनगटापर्यंत गोंदलेल्या.

मी काही बोलायच्या आत त्या पदर सावरत घरात गेल्या आणि बुद्धाच्या तसबिरीच्या चौकटीत खोचलेली चिठ्ठी काढून घेऊन आल्या. माझीच चिठ्ठी. नातीने ती त्यांना इतक्यांदा वाचून दाखवली होती की ती त्यांना पाठ होती.

"हे तुमीच लिवलं ना, बापू?"

"हो, आजी."

"अन् वाया जाते असं बी तुमीच लिवलं?"

"हो."

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "जवरक गटाराचं होतं, तवरक आमचं होतं," त्या म्हणाल्या. "शुद्ध निंगालं, त तुमचं झालं." आणि मग नातीकडे वळून म्हणाल्या, "वं, साहेबाले चाय ठेव."

मी तो चहा प्यायलो. न पिता उठायचं धैर्य नव्हतं.

नळी दिवाळीत फिरवली. कारखान्याचा कोळसा खरोखरच रोज अर्धा टन वाचू लागला, अगदी हिशेबाप्रमाणे. जानेवारीत प्रेमिलाला मुलगी झाली. लहानूजींनी मोहल्ल्यात हिंडून लाकडं गोळा केली आणि पार्वतीबाईंनी पणतीला चुलीवरच्या पाण्याने न्हाऊ घातलं. दोघी मायलेकी सुखरूप होत्या. पण त्याच आठवड्यात शेजारची एक सून बाळंत झाली. त्या घरी सरपण नव्हतं, रॉकेलची रांग दोन दिवसांची. पाणी जेमतेम कोमट झालं. पार्वतीबाईंनी घंगाळात हात घातला आणि काढून घेतला. "असल्या पान्यानं मी लेकराले हात नाई लावत," त्या म्हणाल्या आणि घरी आल्या. त्यानंतर त्या कोणाच्याच बाळंतपणाला गेल्या नाहीत. बोलावणी आली तर हात दुखतात म्हणत. हे लहानूजींनी मला सहज बोलता बोलता सांगितलं, पेटीचे पट्टे आवळताना. माझ्याकडे त्यासाठी रकाना नव्हता.

आमच्या नियमाप्रमाणे वर्षाने पुन्हा जाऊन पाहणी करायची असे, सांगितलेलं झालं की नाही याची. डिसेंबर आला. मी लहानूजींना म्हणालो, "त्या कारखान्यात तुम्ही येऊ नका. मी एकटा जातो."

"काहून? बादली आमच्याच घरची लागंल ना. साडेचौदाची. दुसरी घेतली त मांगच्या मोजनीशी जुळनार नाई."

या वेळी मी भिंतीच्या अलीकडे थांबलो नाही. टाकं कोरडं होतं. आत वाळकी पानं आणि एक कोंबडी. नळीच्या तोंडावर लोखंडी टोपण घट्ट बसवलेलं. पार्वतीबाई दारात उन्हाला बसल्या होत्या.

"माय, बादली दे वं," लहानूजी म्हणाले.

त्या उठल्या, आत जाऊन बादली घेऊन आल्या. पितळ काळवंडलं होतं. "घे," त्या म्हणाल्या. "रिकामीच हाय."

लहानूजी टाक्यात उतरले, उकिडवे बसले आणि टोपण लावलेल्या नळीखाली दोन्ही हातांनी बादली धरली. "दाबा, साहेब." मी स्टॉपवॉच दाबलं. चाळीस सेकंद झाले. ते तसेच बसून. मीच म्हणालो, "झालं, लहानूजी."

"किती लिवता?"

"शून्य."

"आपन तीनदा धरतो, साहेब."

"अहो, टोपण लावलंय..."

"तीनदा धरतो."

त्यांनी तीनदा बादली धरली. मी तीनदा वेळ लावली. पार्वतीबाई दारातून पाहत होत्या. शून्य, शून्य, शून्य. मी फॉर्म मिटून पेन खिशाला लावलं.

"शेवटचं नाई विचारलं तुमी," लहानूजी म्हणाले.

"कोणतं?"

"पानी कुठी जाते थे."

मला विचारायचं नव्हतं. पण ते टाक्यात बादली घेऊन उभे होते आणि विचारल्याशिवाय वर येणार नव्हते. शेवटी मी फॉर्म पुन्हा उघडला.

"पाणी कुठे जातं, लहानूजी?"

त्यांनी आईकडे एकदा पाहिलं. "आता वाया नाई जात, साहेब," ते म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं.